भांग, गांजा आणि औषध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या पंचवटीत माझं औषधांचं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. खोकल्याचं औषध लोक मोठ्याने मागतात. काही प्रश्न मात्र असे असतात की विचारणारा आधी मागे वळून रांगेत कोणी ओळखीचं नाही ना ते बघतो, आणि मग म्हणतो, "जरा बाजूला येता का?" अलीकडे अशा प्रश्नांत गांजा, भांग, 'विजया' (भांगेचं आयुर्वेदातलं नाव) आणि 'सीबीडी' फार यायला लागलेत. एकाच घरात सुनेच्या मोबाईलवर 'गांजाने कॅन्सर पळाला' असा व्हिडिओ असतो आणि सासऱ्यांच्या मोबाईलवर 'एक झुरका, आयुष्य बरबाद'. त्यात २०२६-२७ चा सिंहस्थ आहे, म्हणजे चिलमीही आल्या. तेच तेच उत्तर बाजूला जाऊन कुजबुजत देण्यापेक्षा एकदाच लिहून काढलं. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर किंवा वकील नाही. तुमची फाइल बघून निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

भांग, गांजा, चरस हे सगळं एकच ना?

झाड एकच, माल वेगळा. पानं वाटून होते ती भांग. मादी झाडाचे फुललेले शेंडे वाळवले की गांजा. त्या शेंड्यांवरचा चिकट राळेसारखा चीक म्हणजे चरस. पानापासून चिकापर्यंत जाताना झिंग आणणारा पदार्थ वाढत जातो. त्याचं नाव टीएचसी. याच झाडात सीबीडी नावाचा दुसरा पदार्थ असतो, त्याने झिंग येत नाही. औषधाच्या गप्पांमधला निम्मा गोंधळ ही दोन नावं एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. म्हणून कोणी "गांजाचं औषध" म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, "यातलं कुठलं, आणि किती मिलिग्रॅम?" बहुतेक वेळा समोर शांतता.

जाता जाता: आपली अंबाडी गांजाची कोणी लागत नाही. पानं तशीच बोटांसारखी फाटलेली असतात म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या लॅटिन नावात 'कॅनाबिनस' घातलं, एवढंच. अंबाडीची भाजी निर्धास्त खा.

शरीरात हे नेमकं करतं काय?

टीएचसीची रचना इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये उलगडली. पण तो मेंदूत नेमका कुठे बसतो हे १९८८ पर्यंत कळलं नव्हतं. त्या साली मेंदूच्या पेशींवर त्याची खास खाच सापडली. मग प्रश्न आला: आपल्या मेंदूत एका झाडासाठी खाच कशाला असेल? उत्तर १९९२ मध्ये मिळालं. शरीर स्वतःच तसा एक रेणू बनवतं. शोधणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'आनंदामाइड', आपल्या 'आनंद' शब्दावरून.

या खाचा भूक, वेदना, स्मरणशक्ती, तोल, मळमळ, भीती अशा पुष्कळ ठिकाणी आहेत. त्यामुळे टीएचसी एका जागी उपयोगी पडतं त्याच वेळी दुसरीकडे लुडबुड करतं. मळमळ थांबते आणि डोकं गरगरतं, दोन्ही एकाच गोळीने. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात या खाचा फार कमी आहेत, म्हणून अफूच्या औषधांसारखा अतिडोसाने श्वास बंद पडण्याचा प्रकार मोठ्या माणसांत सहसा होत नाही. याचा अर्थ 'निर्धोक' असा करू नका, पुढे वाचा.

मग हे औषध आहे की नाही, एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात नाही सांगता येणार. तीन ठिकाणी पुरावा चांगला आहे, बाकी ठिकाणी कच्चा किंवा नाहीच.

पहिलं ठिकाण, लहान मुलांच्या काही हट्टी फिट्स. ड्रावे सिंड्रोम आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन दुर्मीळ आजारांत शुद्ध सीबीडीचं 'एपिडायोलेक्स' हे औषध अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये मंजूर केलं. ड्रावेच्या १२० मुलांवर आणि तरुणांवर झालेल्या चाचणीत औषध घेणाऱ्यांच्या झटक्यांची महिन्याची मधली संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. खोटं औषध घेणाऱ्यांची १४.९ वरून १४.१, म्हणजे जवळजवळ तिथेच. फरक खरा आहे. पण डोस बघा: दिवसाला वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला ४०० मिलिग्रॅम झाले. समजा तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या ३० मिलिलिटरच्या बाटलीवर '१००० मिलिग्रॅम' लिहिलंय, तर ती बाटली अडीच दिवसांत संपेल. जिभेखाली सकाळ-संध्याकाळ चार थेंब टाकून 'फिट्सचा इलाज चालू आहे' म्हणणारे पालक मला भेटलेत. त्यातल्या एकांनी फिट्सची नेहमीची गोळीही बंद केली होती. हे करू नका, कृपा करून. फिट्सची गोळी अचानक थांबवली की न थांबणारा झटका येऊ शकतो, त्यात जीव जातो.

दुसरं, केमोथेरपीच्या उलट्या. टीएचसीसारखी कृत्रिम औषधं, ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन, १९८५ पासून अमेरिकेत मंजूर आहेत. ड्रोनॅबिनॉल पुढे एड्सच्या रुग्णांची भूक परत यावी म्हणूनही दिलं गेलं. तिसरं, मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारात स्नायू आखडतात त्यासाठी तोंडात फवारायचं औषध, टीएचसी आणि सीबीडी जवळपास समसमान असलेलं. ब्रिटनने ते २०१० मध्ये मंजूर केलं.

यातलं काहीही माझ्या दुकानात मिळत नाही, आणि गांजाच्या पुडीतून यातलं काहीही मोजून घेता येत नाही.

पण आयुर्वेदात तर 'विजया' आहेच की. हजारो वर्षं लोक घेतायत.

आहे. नाकारायचं कारण नाही. शार्ङ्गधर संहितेत 'व्यवायी' द्रव्यांची व्याख्या आहे: जे पचायच्या आधीच सगळ्या अंगात पसरतं ते. उदाहरण म्हणून तिथे भांग आणि अफू दिली आहेत. भांग अंगात कशी भिनते हे ज्याने पाहिलंय त्याला ही व्याख्या लगेच पटेल. ग्रहणीसाठी, म्हणजे जुनाट जुलाबांसाठी दिलं जाणारं जातीफलादि चूर्ण घ्या. नाव जायफळाचं असलं तरी त्यात भांगही असते.

लोक पुढचं विसरतात. शास्त्रात भांग आधी शुद्ध करायला सांगितली आहे, मात्रा सांगितली आहे, आणि कोणाला द्यायची नाही हेही सांगितलं आहे. आजच्या कायद्यानेही तिला मोकळं सोडलेलं नाही. औषध नियमावलीत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची यादी आहे, अनुसूची ई-१. भांग त्यात आहे, बचनाग आणि धोतराही त्यात आहेत. असं द्रव्य असलेल्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना छापावीच लागते. म्हणून विजयाचं औषध कोणी वैद्यांनी दिलंच असेल, तर बाटली उलटी करून बघा: उत्पादनाचा परवाना क्रमांक, बॅच, मुदत, ती सूचना, आणि एका मात्रेत किती हे लिहिलंय का. फोनवर दोन मिनिटं बोलून 'प्रिस्क्रिप्शन' पाठवणारी दुकानं आता निघाली आहेत. तुमची नाडी, बीपी, चालू गोळ्या, काहीही न विचारता लिहिलेल्या त्या कागदाला मी प्रिस्क्रिप्शन म्हणत नाही. वेबसाइटने काय म्हणावं हा तिचा प्रश्न.

बाबांना कॅन्सर आहे. कोणीतरी गांजाचं तेल देतो म्हणतोय, देऊ का?

हा प्रश्न विचारणारा माणूस गांजाबद्दल विचारतच नसतो. "आम्ही सगळं करून बघितलं का?" हे तो विचारत असतो. म्हणून याला जरा सविस्तर उत्तर देतो.

गाठ बरी करण्याबद्दल: काचेच्या बशीत आणि उंदरांमध्ये टीएचसी-सीबीडीने कॅन्सरच्या पेशी मेल्याचे प्रयोग आहेत. बशीत पेशी मारणारे पदार्थ शेकडो आहेत, ब्लीचही मारतं. माणसांत गांजाने कॅन्सर बरा होतो असा पुरावा आजपर्यंत नाही. केमो किंवा रेडिएशन थांबवून तेलावर जाण्यात जे महिने जातात ते परत मिळत नाहीत. तेल विकणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून तो "आधी तीन महिने घेऊन बघा" म्हणतो.

उलट्यांबद्दल: ऑनडॅनसेट्रॉन, डेक्सामेथासोन, ओलान्झापिन, अ‍ॅप्रेपिटंट अशी औषधं आहेत, आणि ती एकत्र करून दिली की बहुतेकांच्या उलट्या आटोक्यात येतात. दोन केमोनंतरही बाबांना भडभडतंय तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, मात्रा आणि जोड्या बदलता येतात. आपल्याकडे लोक उलट्या सोसतात आणि पुढच्या तारखेला "बरं आहे" म्हणून येतात.

दुखण्याबद्दल: इथे मला खरंच राग येतो. ज्या घरात गांजाच्या तेलाला हजारो रुपये मोजायची तयारी असते, त्याच घरात मॉर्फिनच्या गोळीला नकार असतो. "नको हो, मॉर्फिन म्हणजे शेवटचं." असं काही नाही. तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर जगभर वापरली जाते, ती स्वस्त आहे, आणि डोस दुखण्याप्रमाणे मोजून वाढवता येतो. बद्धकोष्ठ हा तिचा ठरलेला त्रास, त्यासाठी पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध जोडीला द्यायचं. आपल्या अमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली ती मुळी अशी औषधं मान्यताप्राप्त रुग्णालयांना ठेवणं सोपं व्हावं म्हणून. साध्या दुकानात, माझ्याकडेही, ती नसते. पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारा, विभाग कुठे आहे हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. 'पॅलिएटिव्ह' म्हणजे हात टेकणं नव्हे, केमो चालू असतानाही तिथे जाता येतं.

आणि बाबांनी आधीच तेल घ्यायला सुरुवात केली असेल, तर लपवू नका. रागावून घेतलं तरी चालेल, पण डॉक्टरांना बाटली दाखवा.

गुडघे दुखतात, कंबर धरते, झोप लागत नाही. त्यासाठी?

जुनाट दुखण्यावर काहींना थोडा उतार पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ च्या अहवालात प्रौढांच्या जुनाट वेदनेसाठी पुरावा भरीव मानला होता. मग २०२१ मध्ये वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएएसपीने, उपलब्ध अभ्यास चाळून सरसकट वापराला पाठिंबा द्यायला नकार दिला. जाणकारांतच एकमत नाही, म्हणून मीही छातीठोकपणे काही सांगत नाही. गुडघ्याच्या झिजेला मात्र वजन, मांडीचे व्यायाम आणि साधी गोळी यांनी जो फरक पडतो तो आधी घेऊन बघा, मावशी. मलम म्हणून चोळायच्या 'हेम्प बाम'मध्ये (हेम्प म्हणजे हेच झाड) मला तरी मेंथॉलचाच गारवा जास्त जाणवला.

झोप सुरुवातीला लागते, मग त्याशिवाय लागेनाशी होते. सोडल्यावर आठवडाभर विचित्र, भडक स्वप्नं पडतात.

काचबिंदूवर चालतो म्हणे?

डोळ्याचा दाब उतरतो हे खरं, पण तीन-चार तासांसाठी. दिवसरात्र दाब ताब्यात ठेवायला दर तीन तासांनी ओढावं लागेल. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीही हा उपचार म्हणून सुचवत नाही. डॉक्टरांनी दिलेले डोळ्यांचे थेंब घाला.

माझ्या बीपीच्या, शुगरच्या, हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. थोडंसं घेतलं तर काय होणार?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात. आपल्याकडे साठीच्या माणसाच्या डब्यात पाच-सहा गोळ्या असतातच. गांजा-भांग-सीबीडी यकृतातल्या ज्या यंत्रणेतून निकाली निघतात, त्याच यंत्रणेतून यातल्या बऱ्याच गोळ्या जातात. दार एकच, गर्दी दोघांची.

रक्त पातळ करायची वॉर्फरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल चालू असेल, व्हॉल्व्ह बदललेल्यांना असते, तर तिचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी चाचणी, तपासल्याशिवाय हातही लावू नका. फिट्ससाठीच्या क्लोबाझामचा अंमल सीबीडीने वाढतो आणि माणूस गुंगून पडतो. व्हॅल्प्रोएटसोबत यकृताची एन्झाइम्स चढतात. किडनी बदललेल्यांच्या टॅक्रोलिमसची पातळी वर जाते. झोपेची गोळी किंवा दारू सोबत असेल तर गुंगी दुप्पट. दम्याचं थिओफिलिन किंवा मनोविकाराचं क्लोझापिन घेणाऱ्यांत धुराने उलटं होतं, ओढल्याने औषध लवकर संपतं आणि कमी पडतं.

हृदयाचं वेगळं सांगायला हवं. ओढल्यावर नाडी वाढते आणि उभं राहिल्यावर बीपी पडतं. बीपीच्या गोळ्या घेणारे काका भांग पिऊन पाटावरून उठले आणि तिथेच कोसळले, ही गोष्ट दर सणाला कुठल्या ना कुठल्या वाड्यात घडते. ज्यांना आधीच अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्यांनी यापासून लांबच राहावं.

मुलाने अमेरिकेतून सीबीडीच्या गोड गोळ्या पाठवल्यात. घ्यायच्या का?

तिथे जे सुपरमार्केटात मिळतं ते इथल्या कायद्याने चालेलच असं नाही. टीएचसी असलेली वस्तू बॅगेत आणणं हा सरळ गुन्हा आहे, तिथल्या दुकानाची पावती इथे कामाला येत नाही. आणि डब्यावर लिहिलंय तेच आत असतं याचीही खात्री नाही. २०१७ मध्ये तिथल्याच संशोधकांनी ऑनलाइन विकत मिळणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली. लेबलवरचा आकडा बरोबर निघाला जेमतेम ३१ टक्क्यांचा, आणि दर पाचांतल्या एकात टीएचसी सापडलं. मुलाला सांगा, पुढच्या वेळी बदाम पाठव.

रंगपंचमीला, महाशिवरात्रीला थंडाईत भांग चालते ना? ती तर कायद्यात नाही म्हणतात.

अर्धं बरोबर. केंद्राच्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यांशिवाय असलेली नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. पण भांगेचं काय करायचं हे राज्यावर सोडलंय, आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्याखाली परवान्याशिवाय भांग बनवणं, जवळ ठेवणं, पिणं गुन्हा आहे. काशीत चालतं म्हणून कपालेश्वराच्या पायऱ्यांवर चालतं असं नाही.

आणि भांग जास्त झाली तर?

गांजा ओढला की काही मिनिटांत कळतं. भांग पोटातून जाते, तिला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. नवखा माणूस पाऊण तास वाट बघतो, "काहीच झालं नाही राव" म्हणून दुसरा ग्लास घेतो आणि मग दोन्ही ग्लास एकदम चढतात. यकृतात टीएचसीचं जे रूप तयार होतं तेही जोरदार असतं, आणि अंमल सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त राहतो. छाती धडधडते, वेळ थांबल्यासारखा वाटतो, "मी मरतोय" अशी खात्री होते. कोणी हसत सुटतं, कोणी रडतं. अशा माणसाला शांत, कमी उजेडाच्या खोलीत बसवा, सोबत थांबा, पाण्याचे घोट द्या, "उतरेल, भांग आहे" असं सांगत राहा. रहाडीत, म्हणजे रंगपंचमीच्या रंगाच्या हौदात, धप्पा मारायला तर अजिबात सोडू नका. शुद्ध असतानाही त्या गर्दीत दम कोंडतो.

लिंबू, चिंच, लोणचं याने भांग उतरते असं घरोघरी सांगतात. शुद्धीत असेल तर लिंबूपाण्याने बिघडत नाही, पण त्याने उतरते याला आधार नाही. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात आंबट ओतणं किंवा बोटं घालून उलटी करवणं मात्र धोक्याचं, ते श्वासनलिकेत जातं.

छातीत दुखणं, झटका, हाक मारून न उठणं, किंवा घेणारं मूल असणं, यातलं एकही असेल तर थेट रुग्णालय. १०८ ला फोन करा. लहान मुलाने मिठाई समजून खाल्लं असेल तर 'झोपलाय, झोपू दे' म्हणू नका, मुलांचा श्वास मंदावू शकतो. अंग भाजतंय, तोंड कोरडं ठक्क, बाहुल्या मोठ्या आणि माणूस हवेत काहीतरी पकडतोय, असं दिसलं तर भांगेत धोतऱ्याचं बी मिसळलं असण्याची शंका घ्या आणि डॉक्टरांना तसं बोलून दाखवा.

याचं व्यसन लागत नाही म्हणतात. मुलगा कॉलेजला आहे, खिशात पुडी सापडली.

लागतं. वापरणाऱ्यांपैकी साधारण दहात एकाला, आणि किशोरवयात सुरुवात केलेल्यांत सहात एकाला, असा जुना आणि बराच टिकलेला अंदाज आहे. दारूसारखे हात थरथरत नाहीत म्हणून कळत नाही. चिडचिड, भूक मरणं, झोप उडणं असं होतं. २०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या सर्वेक्षणात देशात ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचं आणि सुमारे ७२ लाखांना त्यासाठी मदतीची गरज असल्याचं दिसलं.

मोठी भीती व्यसनापेक्षा डोक्याची. रोज, तेही दहा टक्क्यांहून जास्त टीएचसीचा कडक माल घेणाऱ्यांत मनोविकृती होण्याची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली, हा युरोपातल्या २०१९ च्या मोठ्या अभ्यासाचा आकडा. घरात आधी कोणाला स्किझोफ्रेनिया असेल तर हा जुगार खेळूच नये. मुलाला कोणीतरी पाठलाग करतंय, टीव्हीतून निरोप येतायत असं वाटायला लागलं तर 'बाहेरची बाधा' म्हणून फिरवत बसू नका, त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

एक चमत्कारिक त्रासही सांगतो, कारण तो ओळखला जात नाही. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना वारंवार भयंकर उलट्यांचे झटके येतात, आणि कढत पाण्याने अंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. उलट्यांवर गांजा चांगला म्हणून ते अजून ओढतात. हा आजार २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा नोंदला गेला. इलाज एकच, पूर्ण बंद.

पुडी सापडली त्या रात्री मारहाण करू नका, दादा. किती दिवसांपासून, रोज का, कशासाठी, एवढं विचारा आणि ऐका. केंद्राची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, थोड्या प्रमाणात सापडलेला किंवा सेवन करणारा व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळण्याची सोय आहे. हे फार थोड्या पालकांना माहीत असतं.

गरोदर असताना मळमळीसाठी?

नाही. बाळाचं वजन कमी भरतं. अंगावर पाजतानाही नाही, दुधात उतरतं.

साधू तर दिवसभर चिलीम ओढतात. त्यांना कुठे काय होतं?

तपोवनात बसलेले साधू तुम्हाला दिसतात, कारण ते बसण्याइतके धड आहेत. ज्यांचं डोकं फिरलं, छाती गेली, ते तिथवर पोचलेच नाहीत. शिवाय त्यांची रोजची सवय, आणि तुम्ही तीन दिवसांसाठी आलेले. धुराने जुनाट खोकला आणि कफ त्यांनाही होतो, साधुग्रामात पहाटे एक फेरी मारा, ऐकू येईल. आणि एकच चिलीम, एकच ओली साफी (चिलमीला गुंडाळायचं फडकं), दहा तोंडं, बंद राहुटी: टीबीला याहून सोयीची जागा कुठली? प्रसाद म्हणून हातात आली तर कपाळाला लावून पुढे द्या, कोणी रागावत नाही.

किती जवळ असलं तर गुन्हा?

कितीही. 'थोडं असेल तर चालतं' हा गैरसमज आहे, फरक शिक्षेत पडतो. गांजा एक किलोपर्यंत 'अल्प', वीस किलोच्या वर 'व्यावसायिक'. चरसाचे आकडे १०० ग्रॅम आणि एक किलो. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत, व्यावसायिक प्रमाणाला दहा ते वीस वर्षं. नुसतं सेवन केलं तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. 'औषध म्हणून होतं' हे वाक्य पुडीला लागू पडत नाही.

द्राक्षाला भाव नाही. गांजाची, म्हणजे त्या हेम्पची, शेती करता येईल का?

दिंडोरीकडचे लोक हे हसत विचारतात, पण पूर्ण हसत नाहीत. इंग्रजांच्या काळात शेजारच्या नगर जिल्ह्यात परवान्याने गांजा पिकत होता, १८९३-९४ च्या चौकशी आयोगाच्या कागदांत त्याचा उल्लेख आहे. तो आयोग हजारावर साक्षी घेऊन या निष्कर्षावर आला की बेताने घेणाऱ्याचं फारसं बिघडत नाही, अती घेणाऱ्याचं बिघडतं. म्हणून बंदीऐवजी कर आणि नियंत्रण. आज तसं नाही. एनडीपीएस कायद्याच्या कलम १४ प्रमाणे सरकार धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देऊ शकतं, उत्तराखंडाने ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसीच्या वाणासाठी तशी दिली. तिथला परवाना तिथेच. इथे ऊस किंवा मक्यात चार झाडं लावली तर दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि सातबारा तुमच्या नावाचा असतो.

बियांची चटणी?

कुमाऊँ-गढवालात रोज खातात, छान लागते. बियांत झिंग नसते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ अन्न म्हणून विकायला मान्यता दिली. प्रथिनं चांगली, किंमत मात्र शेंगदाण्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि हे बियांचं तेल म्हणजे सीबीडी तेल नव्हे, त्यात सीबीडी नावापुरतं.

सातपूरला कंपनीत वैद्यकीय तपासणी आहे. लघवीत किती दिवस दिसतं?

एखाद्या वेळी घेतलं तर साधारण तीन दिवस, रोज घेणाऱ्यांत काही आठवडे, कधी महिनाभर. ते चरबीत साठतं. लवकर घालवायचं औषध माझ्याकडे नाही, कोणाकडेच नाही. मशीनवर किंवा क्रेनवर काम करायचं असेल तर तपासणी तुमच्याच बोटांसाठी आहे.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. मी ओढतो हे डॉक्टरांना सांगायला हवं का?

हो, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना वेगळं सांगा, कारण तपासणीला येणारे आणि चिरणारे एकच नसतात. रोज घेणाऱ्यांना भूल जास्त लागू शकते, शुद्धीवर आल्यावर दुखणंही जास्त जाणवतं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ओढून गेलात तर नाडी आणि बीपी दोन्ही टेबलावर खेळ करतात. घरचे शेजारी उभे असतील आणि बोलता येत नसेल, तर चिठ्ठीवर लिहून द्या: काय घेता, कसं घेता, शेवटचं कधी घेतलं. ते पोलिसांना कळवत बसत नाहीत, डोस बदलतात.